तिसरी श्रेणी
एक्स-रे फिल्म धुण्याच्या औषधाचा आंबूस वास आला की मला नागभीडकडची एक बाई आठवते. मी तेव्हा सरकारी दवाखान्यात एक्स-रे काढायचो. बाई चाळिशीची, पण पाठ लाकडासारखी ताठलेली; टेबलावर तिला आम्ही दोघांनी उचलून ठेवलं. फिल्म उजेडात धरली, तर मणके खडूसारखे पांढरेफटक आणि एकमेकांना चिकटलेले. फ्लोरोसिसच्या पाहणीला आलेले साहेब खुशीत म्हणाले, "तिसरी श्रेणी! याच्या पुढे आजार जातच नाही. अहवालात हीच फिल्म लावा." तिनं मला विचारलं, "भाऊ, हे कायनं झालं?" मी म्हणालो, "तुमच्या बोरिंगच्या पाण्यात फ्लोराइड हाये, बाई." "मंग ते बंद काऊन नाई करून राह्यले?" मी साहेबांकडे पाहिलं. ते म्हणाले, "पाण्याचं खातं वेगळं आहे." माझं डोकंच सणकलं. रविवारी मी तिच्या गावी गेलो, तर बोरिंगच्या हातपंपावर तिची सून हंडा भरत होती. मी गावाला सगळं सांगितलं. लोकांनी जुनी विहीर उपसायला घेतली आणि मी बोरिंगचा दांडाच काढून ठेवला. चार दिवसांत मला नोटीस आली, सरकारी मालमत्तेचं नुकसान केल्याची. बोरिंग बंद करणारं खातं कुणाला सापडत नव्हतं, नोटीस काढणारं मात्र लगेच सापडलं. आता मी निवृत्त झालोय, पण तो राग अजून निवृत्त झालेला नाही.