तीन नंबरचा टीव्ही

दशक्रियेला एलईडी स्क्रीन लावायची पद्धत आमच्याकडे कोणी काढली मला माहीत नाही. ज्यानं काढली त्याच्यामुळे माझं घर चालतं, आणि तरीही तो भेटला तर त्याच्या तोंडावर सांगेन की बाबा, तू घाण केलीस. जुन्नर आणि आंबेगाव, दोन्ही तालुक्यांत आता दहाव्याला लग्नासारखी गर्दी होते. नदीच्या घाटावर मुलं डोकी भादरून विधीला बसलेली असतात आणि दहा पावलांवर मंडपात प्रवचन चाललेलं असतं. प्रवचन आवरत आलं की पुढारी यायला लागतात. एकेक जण येतो, फोटोला हार घालतो, गेलेल्या माणसाचं नाव शेजारच्याच्या कानाला लागून विचारून घेतो, कधीही न भरून निघणारी पोकळी निर्माण झाली असं माईकवर सांगतो आणि पुढच्या गावच्या दहाव्याला निघतो. एका सकाळी तीन-तीन गावांत पोकळ्या पाडून आलेले साहेब मी पाहिलेत. मला याची शिसारी येते. आणि त्यांना बारा फुटी पडद्यावर मोठं करून दाखवतो तो मीच.

मी अवसरीच्या कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स शिकलो. दोन वर्षं पुण्यात नोकरी केली, ती सोडून नारायणगावात गाळा घेतला आणि लग्नं, यात्रा, दहावे असं जे येईल ते करू लागलो. माझ्या धंद्यातली सगळ्यात हुशार वस्तू म्हणजे मॅट्रिक्स स्विचर. दिसायला साधा काळा डबा. एका अंगाला आठ इनपुट, तिथं कॅमेरे आणि लॅपटॉप लागतात. दुसऱ्या अंगाला आठ आउटपुट, तिथून पडदे आणि टीव्ही. ज्यानं शेतात पाण्याची दारं धरलीत त्याला हे दोन मिनिटांत कळतं. इकडून पाणी येतं, तिकडे वाफे आहेत, कुठलं पाणी कुठल्या वाफ्याला ते तुम्ही ठरवायचं. आधी आउटपुटचं बटण दाबायचं, मग इनपुटचं. फरक एवढाच की पाणी वाटलं की कमी होतं, चित्र कमी होत नाही. एकच तोंड आठही ठिकाणी काठोकाठ भरून पाठवता येतं. त्यासाठी टोकाला एक वेगळं बटण असतं, ऑल. पुढाऱ्यांना माझा डबा का आवडतो ते यावरून कळावं.

मी सांगतोय तो दहावा बोरी बुद्रुकच्या पुढं कुकडीच्या काठी होता. गेलेला माणूस साधा बागायतदार, सत्तरीच्या आतला, रात्री जेवून झोपला तो सकाळी उठलाच नाही. धाकटा मुलगा पुण्यात असतो. तो आदल्या दिवशी गाळ्यावर आला आणि नेहमीचं सगळं सांगून झाल्यावर म्हणाला, अजून एक काम आहे. आईचा खुबा मोडलाय, चार महिने ती खाटेवर आहे, तिला घाटावर नेता येणार नाही. घर घाटाच्या वरच, हाकेच्या अंतरावर. पण मधे मंडप येतो. तिला तिच्या खोलीत टीव्हीवर पिंड दिसेल असं करता येईल का. एवढं एकच मागणं मला त्या आठवड्यात माणसाचं वाटलं.

दुपारी केबल ओढत घरापर्यंत गेलो. मावशींची खोली नदीच्या बाजूला होती. खिडकीतून एरवी घाट सरळ दिसत असणार, आता मंडपाच्या मागच्या कापडाशिवाय काही दिसत नव्हतं. त्या कापडावर उद्या येणाऱ्या साहेबांचा भावपूर्ण श्रद्धांजलीचा फ्लेक्स बांधत होते. गेलेल्या माणसाचा फोटो खालच्या कोपऱ्यात, पासपोर्टपेक्षा जरा मोठा.

टीव्ही जुना निघाला. मॅट्रिक्स प्रत्येक टीव्हीला आधी विचारून घेतो की बाबा, तुला केवढं चित्र झेपतं. मंडपातल्या पडद्यांना मोठं झेपत होतं, या टीव्हीला नाही. मोठं पाठवलं की इथं नुसता काळोख. घाटापासून घरापर्यंत मी सात-आठ वेळा चढलो-उतरलो. शेवटी डब्यात सगळ्यांसाठीच लहान चित्र लावलं. म्हणजे मावशींच्या टीव्हीवर पिंड दिसेल आणि मंडपात साहेबांचे चेहरे जरा पुसट येतील. मला त्यात काही वाईट वाटलं नाही. आउटपुट तीनच्या वर पांढरी पट्टी लावून मी पेनानं लिहिलं, घर.

मी पाना-पक्कड आवरत होतो तेव्हा मावशी खाटेवरून बोलायला लागल्या. चार महिने नवऱ्यानंच सगळं केलं होतं. आंघोळ, वेणीफणी, भाकरी मोडून दुधात कालवून देणं. सुनेला हात लावू देत नव्हता. शेवटच्या रात्रीसुद्धा त्यांना औषध देऊन मगच पडला.

"त्येंचा जीव माज्यात आडाकला आसंल," त्या म्हणाल्या. "मला येकदा डोळ्यानं बघाया पायजे, शिवतो का न्हाई ते. पोरं काय, मला बरं वाटावं म्हनून कायबी सांगतीन."

मी म्हणालो, मावशी, या टीव्हीवर दुसरं काही दिसणारच नाही. पिंड ठेवल्यापासून कावळा शिवेपर्यंत हलवणार नाही. त्यांनी मान हलवली आणि टीव्ही जरा खाली, खाटेच्या उंचीला घ्यायला सांगितला.

सकाळी आठच्या आत सगळं लागलं. एक नंबरचा कॅमेरा माईकवर, दोन नंबरचा घाटावर पिंडासमोर, तीन नंबरच्या इनपुटला लॅपटॉपमधले जुने फोटो. सव्वाआठला पिंड मांडून झाले. पानावर भात, वडे, शेजारी गेलेल्याचा चहाचा कप. मंडळी मागं सरली. मी आउटपुट तीन दाबलं, इनपुट दोन दाबलं. त्याच तारेला फाटा काढून माझ्यासमोरच्या छोट्या मॉनिटरवर तेच चित्र ठेवलं, म्हणजे मावशींना काय दिसतंय ते मला दिसत राहील.

कावळा येईना. पलीकडच्या काठावर चार-पाच बसले होते, घाटावरच्या माझ्या कॅमेरामननं फोनवर सांगितलं, पण इकडे एकही फिरकेना. थोरला मुलगा पिंडापुढं जाऊन हात जोडून काही बोलून आला. मग धाकटा गेला. मग भावकीतले दोघं. आमच्याकडे असंच करतात, गेलेल्याच्या मनात काय राहिलं असेल त्याचा अंदाज घेऊन शब्द देत जातात. आईला अंतर देणार नाही, एवढं मला धाकट्याच्या ओठांवरून कळलं. अर्धा तास गेला. मला वरच्या खोलीतली बाई दिसत नव्हती, पण ती पापणी न हलवता बघत असणार याची खात्री होती. आयुष्यात मी कधी कावळ्याची एवढी वाट पाहिली नव्हती.

तेवढ्यात साहेब आले. चार गाड्या, पांढरे कपडे, मागं फोटो काढणारा. प्रवचनकारांनी बोलता बोलता वाक्य अर्धवट टाकलं आणि स्वागत केलं. मी मंडपातले दोन्ही पडदे माईकच्या कॅमेऱ्यावर घेतले. साहेबांचा एक कार्यकर्ता, या दोन तालुक्यांतल्या प्रत्येक दहाव्याला दिसणारा, माझ्या टेबलाशी येऊन उभा राहिला. त्यानं पट्ट्या वाचल्या.

"ह्ये घर काय?"

मी सांगितलं की आत आई आहेत, त्या पिंड बघतायत, ते राहू द्या.

"तितंबी साहेब घ्या की. घरच्यांसाठीच आल्यात ते. आईंना दिसू दे साहेब आल्याले." मी पुन्हा म्हणालो, राहू द्या. तर म्हणाला, "पिंड काय पळून चाललाय का राव? दोन मिन्टांचा प्रश्न हाय."

या वाक्याची मला त्या क्षणी किळस आली, आजही येते. पण किळस येऊन मी काय केलं? पुढच्या महिन्यात साहेबांचा मोठा मेळावा होता आणि त्याचे पडदे कोण लावणार हे याच माणसाच्या हातात होतं. त्याला तोंड देत बसण्यापेक्षा दोन मिनिटं देऊन टाकू, अर्धा तास आला नाही तो कावळा आता कशाला येतोय, असा हिशेब मी केला. डबा माझा, बोट माझं. मी ऑल दाबलं आणि मग एक दाबलं. मंडपातले पडदे, मावशींचा टीव्ही, माझ्यासमोरचा मॉनिटर, सगळीकडे साहेब.

साहेबांनी हार घातला. माईक घेतला. पोकळीपर्यंत आले. आणि घाटाकडून एकदम गलका झाला. मंडपातली माणसं उठून उभी राहिली आणि नदीकडे वळली. साहेबांना वाटलं आपल्यासाठीच उठली, त्यांनी बोलता बोलता हात जोडले. ते हात जोडलेले साहेब माझ्या मॉनिटरवर भरून राहिले होते, बाकी काही नव्हतं. माझ्या खुर्चीतून घाट दिसत नाही, मधे पडदा येतो. मी तीन दाबलं, दोन दाबलं. पिंड आला. भात विस्कटलेला, एक वडा पानाच्या बाहेर, कप आडवा. कावळा नव्हता. चित्राच्या कडेला बायका डोळे पुसत होत्या.

मला वाटलं, हरकत नाही, रेकॉर्डिंग दाखवू. आणि मग आठवलं. कॅमेऱ्यात मी कार्ड घालतच नाही. एडिटिंग वाचावं म्हणून सगळं मॅट्रिक्सच्या आठ नंबरच्या आउटपुटवरून एकाच ठिकाणी रेकॉर्ड करतो. माझीच युक्ती, माझाच शहाणपणा. तोवर आठवर पिंडच होता, पण ऑल म्हणजे आठ नंबरसुद्धा. लावून पाहिलं तर साहेबच. हार, माईक, पोकळी, जोडलेले हात. कोणी मोबाइलवर घेतलं असेल म्हणून मी मंडपात विचारत फिरलो. दोघांनी शूटिंग केलं होतं, दोघांनीही साहेबांचं.

घाटावरच्या माझ्या कॅमेरामनला विचारलं. तो म्हणाला, आला, धाकटा दुसऱ्यांदा हात जोडून मागं वळतोय तोवर आला, झटक्यात आला आणि गेला. त्यानं पाहिलं होतं, शंभर माणसांनी पाहिलं होतं. जिला दाखवायचं होतं ती सोडून सगळ्यांनी.

पंगत बसली तसा मी केबल गुंडाळत वर गेलो. कार्यकर्ता वाटेत भेटला, म्हणाला, साहेब जरा पुसट येत व्हते, पुढच्या टायमाला बघा. मी हो म्हणालो. त्या ‘हो’बद्दलसुद्धा मला स्वतःची घाण वाटते, पण आलं तोंडून.

खोलीत मावशी एकट्याच होत्या. त्यांना उशीला टेकवून बसवलं होतं. टीव्ही चालूच होता, त्यावर विस्कटलेलं पान आणि आता त्याभोवती कुत्री. मी आधी टीव्ही बंद केला. नजर देत नव्हतो, स्टँडचे स्क्रू काढत होतो.

"शिवला म्हनत्यात समदी," त्या म्हणाल्या.

"हो मावशी."

"धाकटा पळत आला व्हता सांगाया. रडत व्हता. मी हां म्हनलं." मग म्हणाल्या, "मला तर येवडा येळ त्यो मानूस दिसत व्हता, हार घेतल्याला. मंग पिंड दिसला त्यो भात इस्कटल्याला. भात काय, कुनीबी इस्कटतं."

माझ्याकडे सांगायला खरं होतं. मी म्हणू शकलो असतो की मावशी, मी बटण दाबलं, माझ्यामुळे तुम्हाला दिसलं नाही, पण माझ्या माणसानं डोळ्यानं पाहिलंय, शपथेवर सांगतो. त्यात माझी लाज गेली असती आणि त्यांना कदाचित विश्वास आला असता. मी ते बोललो नाही.

"तू पाह्यलास?" त्यांनी विचारलं.

"पाहिला ना."

"आदी कशाला शिवला?"

मी स्क्रू हातात धरून उभा राहिलो. विचार करायला जेवढा वेळ लागू नये तेवढा लागला. मग म्हणालो, "भाताला."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. रागानं नाही. चार महिने खाटेवर पडलेलं माणूस दारातून येणाऱ्या-जाणाऱ्याकडे बघतं तसं.

"तुलाबी त्येच सांगाया लावलं व्हय पोरांनी," त्या म्हणाल्या.

मी म्हणालो, "नाही मावशी." ते खरं होतं, पण आता ते खरं वाटण्यासारखं राहिलं नव्हतं. त्यांनी मान भिंतीकडे केली. मग दारातून जाणाऱ्या सुनेला हाक मारून सांगितलं की हा सकाळपासून राबतोय, याला चहा दे. सून चहा घेऊन आली. मी खाटेशेजारच्या स्टुलावर बसून तो प्यायलो.