दौलतरावांचा घट्ट हात

हेंद्रेपाड्यात दौलतरावांच्या घरी गेलात तर नळ उघडायला जाऊ नका, मनगट दुखेल. दौलतराव नळ बंद करतात तो पुन्हा कधी उघडायचाच नाही अशा बेताने. लोणच्याची बरणी, गॅसचा रेग्युलेटर, लेंग्याची नाडी, सगळ्यांची तीच गत. निम्मा संसार झाकणं उघडण्यात गेला, असं त्यांच्या पत्नी अंजनीबाई कोणालाही सांगत. "माणूस मऊ, हात घट्ट," हे त्यांचं नवऱ्याबद्दलचं मत, आणि त्यात खोटं काही नव्हतं.

अंबरनाथची कंपनी बंद पडली तेव्हा दौलतरावांनी एक जुनी पिकअप घेतली. पाड्यातलं कोणी भाड्याच्या खोलीतून स्वतःच्या फ्लॅटमध्ये गेलं आणि त्याचं सामान दौलतरावांनी वाहिलं नाही, असं क्वचितच झालं असेल. कपाट, गॅस, गाद्या मागे. तुळशीची कुंडी मात्र पुढे, शेजारच्या सीटवर, पट्ट्याने बांधून. खड्डा आला की हे आधी कुंडीकडे बघणार, मग रस्त्याकडे. अंजनीबाईंना त्याचा राग येई आणि दर वेळी थोडं कौतुकही वाटे. कौतुक त्या बोलून दाखवत नसत. बोलून दाखवलं की माणसं बिघडतात.

मंडळ सुरू झालं तेव्हापासून गल्लीतली नवरात्रातली देवी त्याच पिकअपमधून यायची आणि दसऱ्याला त्याच पिकअपमधून नदीवर जायची. दौलतरावांना मंडळात कुठलं पद नव्हतं. त्यांचं पद म्हणजे स्टिअरिंग.

यंदा घटस्थापनेला देवी उतरवून होईपर्यंत गाडी मांडवासमोर उभी होती. ती बाजूला घेतली तर खालच्या रांगोळीत काळ्या ऑइलचं थारोळं. मुली सकाळपासून ओणव्या होऊन रांगोळी काढत होत्या. मुलींनी त्यावर राख टाकली आणि पुन्हा ओणव्या झाल्या. संध्याकाळी मंडळाचा अध्यक्ष अक्षय घरी आला.

"काका, राग मानू नका. विसर्जनाला यंदा दुसरा टेम्पो सांगतो. तुम्ही पुढे चाला, आरामात."

"बरं," दौलतराव म्हणाले, आणि साबुदाण्याची खिचडी अर्धी टाकून उठले. हा माणूस खिचडी टाकत नाही. लग्नात हळदीच्या अंगानेही त्याने दोनदा मागून घेतली होती. अंजनीबाईंनी ताट उचललं आणि फाटकाशी पोचलेल्या अक्षयला हाक मारली.

"दसऱ्याला दुपारी ये. गाडीखाली कागद अंथर, इंजिन चालू ठेव. एक थेंब पडला तर आण तुझा टेम्पो. नाही पडला तर देवी आमच्या गाडीतून."

"काकी, गॅरेजवाले दसऱ्याआधी हात नाही लावणार. लाइन लागलीये."

"गॅरेज कोणी म्हटलं? घरी करतील ते."

हे बोलून झाल्यावर त्यांना नळ आठवला. पण शब्द गेला होता.

ऑइल दोन ठिकाणांहून झिरपत होतं. इंजिनाच्या माथ्यावर टॅपेट कव्हर असतं, त्याचं पॅकिंग कडक होऊन तडकलं होतं. पोटाखाली ऑइल साठवणारा चेंबर असतो, त्याच्या कडेचं कॉर्कचं पॅकिंगही गेलं होतं. दोघं स्कूटरवर उल्हासनगरला, कॅम्प तीनमध्ये गेले. अंजनीबाईंना ब्लाउजचं अस्तर घ्यायचं होतं, आणि नवऱ्याला एकटं पाठवायचं नव्हतं. स्पेअर पार्टवाला प्रीतम जुना ओळखीचा.

"दौलत साईं, अजून तीच गाडी? म्युझियमवाले येणार हां विचारायला."

"आले तर तुझ्या दुकानातून सुरुवात करतील," दौलतराव म्हणाले. "पॅकिंग दे."

"देतो. पण कसून टाइट नको करू. कॉर्क आहे, दबून बाहेर येणार."

"हो, हो."

तो "हो, हो" अंजनीबाईंच्या चांगलाच ओळखीचा होता. "भाऊ, प्रत्येकाची दोन द्या," त्या म्हणाल्या. प्रीतमने एकदा दौलतरावांकडे पाहिलं आणि मुकाट्याने दोन दिली.

अष्टमीला सकाळी काम सुरू झालं. पुढची चाकं लाकडी ठोकळ्यांवर चढवून गाडी पक्की केली, ऑइल घमेल्यात काढलं, आणि दौलतराव गोणपाट अंथरून गाडीखाली गेले. निघालेले बोल्ट ठेवायला त्यांनी न विचारता इडलीपात्र घेतलं होतं. एकेका खळग्यात एकेक कोपऱ्याचे बोल्ट. व्यवस्था चांगली होती, म्हणून अंजनीबाई एवढंच म्हणाल्या, "आता इडल्या तुम्हालाच वाढीन."

इथवर ठीक. पुढे माणसाला घाई झाली. जुन्या पॅकिंगचे चिकटलेले पापुद्रे स्क्रूड्रायव्हरने खरवडले न खरवडले, नवीन बसवलं आणि आवळायला घेतलं. बोल्ट बसला की आणखी थोडं. मग आणखी थोडं. गाडीखालून दर वेळी "हंऽ" असा आवाज यायचा, आणि त्या प्रत्येक "हंऽ"ला अंजनीबाईंना प्रीतमचा चेहरा दिसायचा.

"अहो, बास की."

"सैल राहिलं तर गळेल."

संध्याकाळी ऑइल भरून इंजिन चालू केलं. काही वेळ काही नाही. मग चेंबरच्या कडेने कॉर्क बाहेर फुगून आलेलं दिसलं, सोऱ्यातून चकली येते तसं, आणि त्याच्या टोकाला एक काळा थेंब लोंबायला लागला. दौलतराव त्याच्याकडे बघत बसले. थेंब पडला. मग दुसरा धरला.

शेवटी ते उठले. ऑइल पुन्हा काढलं, चेंबर आणि कव्हर दोन्ही उतरवून ओट्यावर ठेवलं आणि न जेवता झोपले.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. दौलतराव उठले तेव्हा त्यांचे सगळे पाने, पक्कड, हातोडी देवघरासमोर पाटावर मांडलेले होते, हळदकुंकू लावून, वर झेंडू. शेजारी अंजनीबाईंचं शिलाई मशीन, तेही पुजलेलं. या घरात सासूबाईंच्या काळी पाटावर कोयता आणि नांगराचा फाळ असायचा. शेती गेली, कंपनी आली, फाळाच्या जागी पाने आले. नियम बदलला नाही. नवमीला पुजलेलं हत्यार दसऱ्याची पूजा होईपर्यंत उचलायचं नाही.

"अगं, इंजिन उघडं पडलंय."

"पळून जातंय का?"

"उद्या दुपारी अक्षय कागद घेऊन येणार. तूच बोलावलंयस."

"मीच बोलावलंय. म्हणून पान्यांना हात लावायचा नाही. देवीला न्यायची आणि देवीचाच नियम मोडायचा, असं कसं चालेल?"

दौलतराव अंगणात गेले, आत आले, पुन्हा अंगणात गेले. पाटाजवळून जाताना मान मुद्दाम दुसरीकडे. शेवटी त्यांनी विचारलं, "चिंधी हत्यार आहे का?"

"चिंधी म्हणजे चिंधी."

"आणि बांबूची कामटी?"

"कामटी म्हणजे कामटी. वकिली पुरे."

मग ते ओट्यावर बसले आणि डिझेलमध्ये चिंधी बुडवून चेंबरची कड पुसायला लागले. आवळायला काही नव्हतं, ठोकायला काही नव्हतं, त्यामुळे घाई करायलाही काही नव्हतं. काल साफ दिसलेल्या कडेवर जुन्या कॉर्कचा थर होताच. तो कामटीने हळूहळू सुटत होता. मधेच त्यांनी अंजनीबाईंचा हात धरून बोट कडेवरून फिरवलं.

"बघ. लागतंय?"

प्रत्येक बोल्टच्या भोकाभोवती पत्रा वर उचलला गेला होता. इतका आवळला होता की सपाट कडेला टेंगळं आली होती.

"हे मी केलं?"

"नाही, शेजारच्यांनी केलं."

ते हसले. मग चिंधी पुन्हा डिझेलमध्ये बुडवत म्हणाले, "कंपनीत होतो तेव्हा खोके भरायचो. सैल बांधलेला खोका फुटला की पगार कापायचे." एवढंच. पुन्हा पुसायला लागले. अंजनीबाई इतकी वर्षं झाकणं उघडत आल्या, पण हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर त्यांनी झाकणांवरून थोडं कमी भांडण केलं असतं. थोडंच.

दुपारी त्यांचं मन विरघळलं. हा माणूस उन्हात बसलाय, उद्या गाडी गळली तर टेम्पोच्या मागून चालत जाईल, वर आरामात चालतोय असं दाखवेल. त्या बाहेर आल्या.

"अहो, हळदकुंकू वाहून क्षमा मागते. घ्या हातोडी. देवी समजून घेईल."

दौलतरावांनी वरही पाहिलं नाही. "राहू दे. पुजलंय ना. उद्या बघू."

 त्या आत गेल्या आणि चहात आलं जास्त किसलं.

दसऱ्याला सकाळी पूजा झाली. दौलतरावांनी पाटावरून पाने उचलले तर लांब दांड्याचा एक कमी.

"तो तिथेच राहील," अंजनीबाईंनी देवघराच्या वरच्या फळीकडे बोट दाखवलं. "तुम्हाला छोटा पुरे."

टेंगळं लाकडावर ठेवून हलक्या हाताने ठोकून सपाट केली. दुसरं पॅकिंग बसवलं. बोल्ट आधी नुसते बोटांनी फिरवले, मग समोरासमोरचे थोडे थोडे आवळले, एकदा इकडचा, एकदा तिकडचा. अंजनीबाई स्टुलावर बसून वाकून बघत होत्या. "हंऽ" ऐकू आलं की म्हणत, "बास." पाना थांबायचा. एकदा थांबला नाही.

"मी बास म्हटलं."

"ऐकलं गं."

पाना थांबला. माथ्यावरच्या कव्हरचंही तसंच झालं, मग ऑइल पुन्हा भरलं.

दुपारी अक्षय मुलांना घेऊन आला. गाडीखाली पांढरा कार्डशीट अंथरला, इंजिन चालू केलं. सगळे उकिडवे बसून खाली बघायला लागले. पलीकडे मांडवात ढोलाच्या दोऱ्या ताणत होते. इंजिन तापलं, तरी कागद कोरा. अक्षयने हात आत घालून चेंबरच्या कडेने बोट फिरवलं आणि उन्हात धरलं. बोटाला काही नव्हतं.

"काका, गाडी मांडवाकडे घ्या," तो म्हणाला. "आणि टेम्पोवाल्याला मी काय सांगू?"

"सोनं घे आणि घरी जा म्हणावं," अंजनीबाईंनी उत्तर दिलं.

मिरवणूक मुंगीच्या पावलांनी निघाली. जिथे ढोल थांबत, तिथे दौलतराव दार उघडून खाली उतरत आणि वाकत. कडेच्या बायांना वाटलं काय भक्ती आहे माणसाची, दर चौकात देवीच्या पाया पडतो. एकीने तर मुलाला दाखवलं. अंजनीबाई मागून चालत होत्या, त्यांनी कोणाचा गैरसमज दूर केला नाही.

नदीवर देवी उतरवली, सगळे काठाशी गेले. दौलतराव दिसेनात. अंजनीबाईंनी वळून पाहिलं तर गाडीखालून पाय बाहेर आलेले, नव्या पांढऱ्या लेंग्यातले.

"दिसतंय का काही?"

"काही नाही," खालून आवाज आला. "कोरडं आहे."

"मग उठा. आरती सुरू झाली."