पत्रातलं ‘सिन्सिअरली’

एका कंपनीच्या एचआरमध्ये मी अकरा वर्षं पत्रं टाइप केली. तेवढ्या काळात एक गोष्ट पक्की कळली. सहीवरचं ‘युअर्स सिन्सिअरली’ सोडा; ज्या इंग्रजी पत्राच्या मजकुरात ‘सिन्सिअरली’ असतं, त्यात दुसरं काही चांगलं नसतं. बढतीच्या पत्राला तो शब्द कधी लागला नाही. तिथे नुसती बातमी पुरते.

गेल्या वर्षी पॅकिंग विभाग बंद झाला. कामगारांना द्यायच्या पत्राचा मसुदा मी साहेबांकडे नेला. आम्ही दिलगीर आहोत, एवढंच लिहिलं होतं. साहेब मोबाइलवर रविवारच्या ट्रेकचे फोटो बघत होते. “फार कोरडं वाटतंय हो. ‘सिन्सिअरली’ घाला ना.” घातलं. साहेबांचं दुःख एका शब्दाने वाढलं आणि ते जेवायला गेले.

दोन दिवसांनी पॅकिंगमधले एक गृहस्थ माझ्या टेबलापाशी आले. राहणार धायरी, नोकरी सोळा वर्षं. अंगात इस्त्रीचा शर्ट, हातात ते पत्र. कॉलेजातल्या मुलीने वाचून दाखवलं होतं.

“मॅडम, पोरगी म्हणली, सिन्सिअरली म्हंजी अगदी मनापासनं. खरं हाय का?”

“अर्थ तोच आहे,” मी म्हणाले.

“मग साहेबांस्नी येवढं मनापासनं वाईट वाटतंय, तर भेटून बघतो. दुसऱ्या खात्यात घेत्याल. न्हाय का?”

इतक्या वर्षांत त्या शब्दावर विश्वास ठेवणारा हा पहिला माणूस. आम्ही शिकलेली मंडळी तो वाचतच नाही, डोळे आपोआप पुढच्या ओळीवर जातात. मला साहेबांची भयंकर चीड आली. ती गिळून मी गृहस्थांना बाहेरच्या बाकावर बसायला सांगितलं.

बाहेर कोण बसलंय ते कळल्यावर साहेब मागच्या जिन्याने निघून गेले. संध्याकाळी मी बाहेर पडले, तर गृहस्थ तिथेच. आता गप्प राहवेना.

“अहो, साहेब गेले. आणि ते पत्र त्यांनी लिहिलेलंच नाही. त्यांनी नुसती सही केली. लिहिलं मी.”

त्यांनी पत्राची घडी घालून खिशात ठेवली.

“आसू द्या. तुमाला तरी वाईट वाटलं आसंल, म्हणून लिवलं.”

मी “हो” म्हणाले. पाकिटावर पत्त्याची पट्टी चिकटवताना त्यांचं नावसुद्धा मी वाचलं नव्हतं.