खुर्चीपुरती वाट

“टाकलेली वस्तू दुसऱ्याच दिवशी लागते, आणि ठेवलेली कधीच लागत नाही, पण म्हणून काही ती टाकायची नसते,” असं मिस्त्री एकदा बायकोला म्हणाले होते.

ती तेव्हा मोडक्या पंख्याचं पातं हातात घेऊन दारात उभी होती. तिने ते होतं तिथे परत ठेवलं आणि म्हणाली, “मीही काही लागत नाही तुम्हाला. म्हणूनच ठेवलंय वाटतं.” त्यांची मुलगी तेव्हा शाळेत जात होती. ती खो खो हसली होती. हसू आटायला पुढे बरीच वर्षं लागली.

मिस्त्री म्हणजे लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस. लिफ्ट ज्या उभ्या पोकळीतून खालीवर होते तिला ते शाफ्ट म्हणत, आणि उभा जन्म त्यांनी तिथल्या अंधारात काढला. ग्रीस नखांत असं मुरलेलं, की निवृत्त होऊनही ते निघेना. माणूस गरीब गाय. कुणाच्या अध्यात ना मध्यात. पण काही टाकायचं नाव काढलं, की गाय शिंगं उगारायची.

याला कारण घडलं होतं. एका जुन्या कचेरीतली लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली. आत माणसं, त्यात एक दम्याचा म्हातारा. जळालेला रिले, म्हणजे वीज जोडणारा-तोडणारा भाग, बनवणं कंपनीने केव्हाच बंद केलेलं. सगळ्यांनी हात टेकले. मिस्त्री घरी गेले, पलंगाखाली शिरले आणि कागदात गुंडाळलेला तसाच एक जुना रिले घेऊन आले. लिफ्ट हलली. जिन्यावर उभ्या लोकांनी टाळ्या वाजवल्या.

“त्या टाळ्यांनीच घात केला,” बायको म्हणायची.

कारण त्यानंतर गावात कुठलीही लिफ्ट मोडीत निघाली, की तिचा कोथळा घरी येऊ लागला. पुल्या, रिले, बटणांच्या पितळी पट्ट्या, तारदोरांची वेटोळी. आधी फळ्या भरल्या, मग फळ्यांखालची जमीन, मग पुढच्या दारापासून झोपायच्या खोलीपर्यंतचा बोळ. त्या बोळातून घरातली माणसं खेकड्यासारखी तिरकी चालायला शिकली. मुलगी लग्न होऊन दोन गल्ल्या पलीकडे गेली, तेव्हा सासरी सरळ चालायची सवय व्हायलाच तिला काही दिवस लागले.

थंडी पडायला लागली होती तेव्हाची गोष्ट. सकाळी आई न्हाणीघराकडे निघाली आणि बोळात पडली. खुब्याचं हाड मोडलं. डॉक्टरांना तिने सांगितलं, “चक्कर आली.” मिस्त्री शेजारी उभे होते. तेही म्हणाले, “हो, तिला चक्कर येते.” आईला जन्मात कधी चक्कर आली नव्हती. त्या दिवशी मुलगी घराला कुलूप लावायला परत गेली, तर बोळात एक तारदोर वेटोळं सुटून आडवा पडला होता, आणि त्याच्या फासात आईची एक चप्पल अडकलेली होती. तिने चप्पल सोडवली, दोर बाजूला सारला. बोलली काही नाही. काही गोष्टी बोलल्या की घर दुभंगतं, म्हणून माणूस त्या गिळतो. आणि गिळलेलं मग घशाशीच बसून राहतं.

शस्त्रक्रिया नीट झाली. नाताळच्या आधी घरी सोडू, असं दवाखान्याने सांगितलं. पण काही महिने चाकांची खुर्ची. त्याआधी फिजिओवाल्या बाई रिकामी खुर्ची घेऊन घर पाहायला येणार. खुर्ची आत जाऊन फिरली तर आई घरी. नाहीतर गावाबाहेरच्या शुश्रूषा केंद्रात.

त्या केंद्रात आईची थोरली बहीण गेली होती. महिनाभरासाठी म्हणून. ती तिथून परत आलीच नाही.

“तिकडे नको गं,” आईने मुलीचं मनगट धरलं होतं. आईच्या बोटांत एवढी ताकद आहे हे मुलीला तेव्हा कळलं. “काहीही कर. तुझ्या बाबांना समजाव. पण तिकडे नको.”

मुलगी दाताच्या दवाखान्यात मदतनीस होती. दिवसभर हत्यारं उकळायची, पेशंटच्या तोंडात नळी धरायची. तिथल्या बाकावरच्या एका मासिकात तिने वाचलं, की नाताळसाठी घर आवरायचं तर एका दिवसात सगळं उपसायला जाऊ नये. रोज थोडं थोडं, पोतंभर काढावं, म्हणजे मनाला लागत नाही. तिने रिकामी पोती आणली आणि बाबांसमोर ठेवली.

मिस्त्रींनी पोत्यांकडे असं पाहिलं, की जणू ती त्यांच्याच मापाची शिवली होती.

“बाबा, रोज एक. बास. आईला घरी आणायचंय ना?”

“हा ब्रेक आता कुठे मिळणार सांग.”

“कुठेच नाही. आणि तो लागणारी लिफ्ट तरी कुठे उरलीय?”

“तेच तर,” मिस्त्री म्हणाले. “दोन्ही संपलं, असं कसं चालेल?”

पहिले काही दिवस हे असंच चाललं. ती पोत्यात घालायची, ते पोत्यातून काढायचे. एकदा तर एका पुलीची एक कड तिच्या हातात आणि दुसरी त्यांच्या, अशी बापलेकीची रस्सीखेच झाली. शेवटी रडकुंडीला येऊन तिने फिजिओवाल्या बाईंना फोन लावला आणि तो बाबांच्या कानाशी धरला.

“काका, मला तुमच्या सामानाशी काही घेणंदेणं नाही,” बाई म्हणाल्या. “खुर्ची जायला वाट मोकळी हवी. दारापासून खोलीपर्यंत.”

“वाट,” मिस्त्री म्हणाले. आणि त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी बदललं, कुलपात किल्ली बसावी तसं. “वाट मोकळी हवी. बरोबर आहे. ते तर पहिलं काम.”

शाफ्टमध्ये उतरणाऱ्या माणसाचा हाच पहिला नियम. लिफ्टच्या वाटेत खिळासुद्धा राहता कामा नये. वाटेबाहेर, मजल्यामजल्यावर लोकांनी काय मांडून ठेवलंय, ते आपण पाहायचं नाही.

“तू कामावर जा,” ते मुलीला म्हणाले. “मी करतो.”

आणि खरंच, बोळ मोकळा होऊ लागला. संध्याकाळी कामावरून परतताना मुलगी रोज डोकावायची, तर रोज थोडी जमीन उघडी पडलेली. आज बटणांच्या पट्ट्या नाहीत, उद्या पुल्यांचा ढीग नाही. फरशीचा मूळ रंग हिरवा होता हे ती विसरूनच गेली होती. तिला आनंद व्हायला हवा होता. पण ज्या माणसाने एक स्क्रू द्यायला घाम फोडला, तो आता लिफ्टच्या अख्ख्या मोटारी देत होता, आणि शीळ घालत होता.

“भंगारवाला येतो का?”

“गेलं ना वाटेतून?”

“हो, पण कुठे गेलं?”

“वाटेतून गेलं की नाही ते बघ.”

खालच्या मजल्यावरच्या वहिनींनी तिला जिन्यात गाठलं. “अगं, तुझे बाबा करतात तरी काय दिवसभर? वरून नुसती घरघर, सरकवासरकवी. आमचा दिवा हलतो. छत डोक्यावर येतंय की काय असं वाटतं.”

“घर आवरताहेत, वहिनी.”

“आवरतात तर मग खाली काही नेताना दिसत कसे नाहीत? मी तर खिडकी सोडत नाही, तुला माहितीय.”

ते सगळ्यांनाच माहीत होतं. मुलगी हसली आणि वर गेली. झोपायच्या खोलीचं दार बंद होतं. तिने मूठ फिरवली. दार बोटभर आत गेलं आणि अडलं.

“थंडी शिरते,” मागून बाबा म्हणाले. “आणि ती खोली तुझ्या आईची. ती आली की उघडू.”

ती दाराशी उभी राहिली. जोर लावला असता तर कळलं असतं. पण मागे मोकळा, झाडलेला बोळ होता आणि पुढे बोटभर अंधार. तिने बोळाकडे तोंड केलं. माणसाला जे हवं असतं तेच तो पाहतो, आणि त्याला आशा म्हणतो.

बाई आल्या त्या दिवशी मिस्त्रींनी दाढी केली होती, बंडीवर कोट चढवला होता. खुर्ची दारातून आत आली. चाकं हिरव्या फरशीवरून अशी गेली, की आवाज म्हणून नाही. बाईंनी ती बोळाच्या मध्यावर गर्रकन फिरवली. न्हाणीघर झालं, स्वयंपाकघर झालं. मिस्त्री खुर्चीच्या पुढे पुढे चालत होते, आणि त्यांचा चेहरा टाळ्या वाजल्या होत्या त्या दिवसासारखा झाला होता.

“काका, कमाल केलीत,” बाई म्हणाल्या. “मला एवढी अपेक्षा नव्हती. आता खोली.”

“खोली कशाला?” मिस्त्री म्हणाले.

“म्हणजे?”

“खोलीपर्यंत म्हणालात. खोलीपर्यंत वाट आहे.”

बाई हसल्या, त्यांना थट्टा वाटली. मुलीला हसू आलं नाही. ती पुढे झाली आणि दाराला खांदा लावला. आत लोखंडावर लोखंड घासल्याचा आवाज आला, आणि दार अर्धं उघडून थांबलं.

बोळातलं सगळं आत होतं. जमिनीपासून छतापर्यंत, भिंत रचावी तसं. एकही वस्तू तिरकी नाही. रिले खोक्यांत, खोकी पुल्यांवर, पुल्या मोटारींवर. खिडकीतून येणारा उजेड फटीफटींतून गाळून येत होता. पलंग होता तिथेच होता. आईच्या बाजूला तारदोरांची वेटोळी उशीच्या उंचीपर्यंत मांडलेली, आणि दुसऱ्या बाजूला भिंतीलगत एका माणसाला अंग चोरून झोपता येईल एवढी पट्टी.

“काका,” बाई हळूच म्हणाल्या, “काकू झोपणार कुठे?”

मिस्त्रींनी खोलीकडे पाहिलं, मग बोळाकडे. त्यांच्या तोंडावर लबाडी नव्हती. तीच तर भीतीची गोष्ट होती. शिकलेला धडा बिनचूक म्हणून दाखवल्यावर मास्तरांनी छडी उगारावी, तसे ते गोंधळले होते.

“तुम्ही वाट म्हणालात,” ते म्हणाले. “वाट मोकळी आहे.”

“वाट कुठेतरी जायला असते, बाबा!” मुलगी ओरडली. आणि एकदा तोंड फुटल्यावर घशाशी बसलेलं सगळंच वर आलं. “तिला चक्कर नव्हती आली. त्या दोराला अडखळून पडली ती. तिची चप्पल मी काढलीय त्यातून, या हाताने! आणि तोच दोर तुम्ही तिच्या उशाशी नेऊन ठेवलात?”

खाली कुठेतरी खिडकीची कडी वाजली. वहिनींनी ती उघडली असावी. मिस्त्री अर्धवट उघड्या दारात जाऊन उभे राहिले, दोन्ही हात चौकटीला लावून, पाठ सामानाकडे. भंगारवाल्याची हाक जरी कानावर आली तरी ते गेली कित्येक वर्षं असेच उभे राहत.

“मला दवाखान्याला कळवावं लागेल,” बाई म्हणाल्या. त्यांना कीव आली होती, पण त्या खुर्चीची मूठ धरून होत्या. “अजून एक घर बघायचंय मला. येताना याच रस्त्याने येते. तोवर पलंग आणि पलंगाभोवतीची जागा मोकळी दिसली तर ठीक. नाहीतर संध्याकाळी केंद्राची गाडी त्यांना न्यायला येईल. माझ्या हातात नाही काका ते.”

त्या गेल्या. मुलीने भंगारवाल्याला फोन लावला. तो जवळच होता, टेम्पो आणि दोन माणसं घेऊन येतो म्हणाला. फोन ठेवतेय तोच पुन्हा वाजला. आई.

“काय गं, पाहून गेल्या का? मी केस विंचरून बसलेय. शेजारच्या खाटेवरची म्हणते, एवढी काय घाई. तिला काय ठाऊक, माझ्या घरी माझा भंगारवाला एकटा आहे ते.” आई स्वतःच्याच बोलण्यावर हसली, मग थांबली. “गप्प का गं? जमलं नाही का?”

मुलीने फोन बाबांच्या कानाला लावला.

मिस्त्रींनी चौकटीवरचा एक हात काढून तो धरला. आई काय म्हणाली ते मुलीला ऐकू आलं नाही. नुसता आवाज, बारीक, डबीत कोंडलेल्या किड्यासारखा. मिस्त्री ऐकत राहिले. मग त्यांनी फोन परत दिला. आई फोनवर “अहो, अहो” करत होती. “करते तुला,” म्हणून मुलीने तो बंद केला.

“बाबा,” ती म्हणाली. आता तिच्या आवाजात ओरडायचं त्राण नव्हतं. “माणसं येताहेत. मी सगळं देणार आहे. एकही वस्तू ठेवणार नाही, कारण एक ठेवली की तुम्ही सगळ्या ठेवाल. पण तुम्ही असे दारात उभे राहिलात तर मी तुम्हाला ओढून काढू शकत नाही. माझ्याच्याने व्हायचं नाही ते. सांगा आता. आई, की हे?”

खाली टेम्पो थांबला. कुणीतरी मोठ्याने मजला विचारला आणि वहिनींनी तेवढ्याच मोठ्याने सांगितला. जिन्यावर जड पावलं वाजू लागली. मिस्त्रींच्या हाताची नखं चौकटीच्या लाकडात रुतली होती. पावलं एक मजला चढली. मुलगी त्या हातांकडे पाहत राहिली. तिला वाटलं, हे हात आता सुटायचे नाहीत.

मग एक हात खाली आला. काही वेळाने दुसरा.

त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. बोळातून ते सरळ चालत आले, भिंतीला कुठे खांदा न लागता. दाराशी वाकून बूट चढवले. वर आलेल्या दोन माणसांना आत जायला जागा मिळावी म्हणून अंग चोरून उभे राहिले, आणि ती आत शिरल्यावर बाहेर निघून गेले.