आधी शेवटचं घर

लष्करात होतो म्हटलं की आमच्या गावात पहिला प्रश्न ठरलेला: "किती मारले?" मी एकही मारला नाही. मी पीठ पोचवलं. रॉकेल, डाळ, लोकरी मोजे, बॅटऱ्या, बुटांच्या नाड्या. पुढं पुढं तर तेही नाही. कुणी, कुठून, कशात घालून पोचवायचं हे खोलीत बसून ठरवलं. एवढं सांगितलं की समोरच्याचा चेहरा पडतो. पारावरचा एक म्हातारा सरळ म्हणाला, "म्हंजी सरकारी किराणाच की!" म्हटलं, व्हय, किराणाच. पण दुकान लई मोठं होतं.

बहुतेक नोकरी बर्फाच्या बाजूला गेली. तिथं घाट उन्हाळ्यात उघडतो आणि थंडी पडली की मिटतो. मिटायच्या आत वरच्या प्रत्येक चौकीला अख्ख्या हिवाळ्याचं सामान गेलंच पाहिजे. नवा अधिकारी हमखास एक चूक करतो, जवळच्या चौक्या आधी भरतो. सोपं असतं, गाड्या भराभर रिकाम्या होतात, वरिष्ठांना सांगायला बरं दिसतं. मग घाट बंद होतो आणि टोकाची चौकी अर्धीच राहते. म्हणून आमचा नियम होता, आधी शेवटचं ठिकाण. रस्ता संपतो तिथपासून भरत भरत मागं यायचं. जवळच्याला उशीर झाला तर तो ओरडतो आणि ते ऐकू येतं; लांबच्याचा आवाजच पोचत नाही. एवढं डोक्यात ठेवलं की आमचं निम्मं काम झालं.

या नियमापायी मी आयुष्यभर शिव्या खाल्ल्या. ताजा भाजीपाला डोळ्यांदेखत वर गेला की खालच्या तळांवरचे अधिकारी फोनवर माझा उद्धार करीत. मी ऐकून घ्यायचो आणि फोन ठेवायचो. फोन ठेवला की विषय संपला. शिव्या देणाऱ्याचं तोंड बघायची वेळ माझ्यावर कधी आली नाही, आणि हुद्दा वाढत गेला तशी ती तोंडं आणखी लांब गेली. मला वाटायचं, मी फार खंबीर माणूस आहे.

निवृत्तीनंतर लोहाऱ्याजवळच्या आमच्या गावी आलो. बायको वारली होती, मुलगी परदेशात. सगळी नोकरी सरकारी क्वार्टरांत काढलेली. माझं म्हणावं असं घर एकच, धाकट्या भावाचं. शेत त्यानं सांभाळलं, आईवडलांचं त्यानं केलं. मी आपला सुट्टीत येऊन मटण खाऊन जाणारा पाहुणा. तरी त्यानं पुढची खोली मला दिली आणि म्हणाला, "दादा, आता कुठं जायाचं न्हाय." हे ऐकून मला रडू आलं. त्याला दिसू नये म्हणून मी ट्रंक उघडून उगाच कपडे उलटेपालटे करत बसलो.

पुढच्याच उन्हाळ्यात विहिरी आटल्या आणि टँकर सुरू झाला. तो वेशीपाशी उभा राहायचा. ज्याच्या मनगटात जोर त्याचं टिपाड भरायचं. लांब माळावर मेंढरं राखणाऱ्यांची वस्ती आहे. त्यांच्या वाट्याला तळाचा गाळ यायचा, तोही बायांनी ओढा ओलांडून डोक्यावर न्यायचा. सरपंचबाई माझ्याकडं आल्या. म्हणाल्या, "साहेब, फौजेला पुरवलंत, आता गावाला पुरवा." मी तिथल्या तिथं सांगितलं: टँकर आधी माळावर, मग खालची गल्ली, शेवटी वेस. वेशीतल्या घरांपुढं मोटारसायकली उभ्या आहेत, कमी पडलं तर ते कुठूनही आणतील. वस्तीकडं नुसती डोकी आहेत.

आमचं घर वेशीला लागूनच. हे काही मी विसरलो नव्हतो.

सुरुवातीला सगळ्यांना पुरलं. मग टँकर भरायच्या ठिकाणची वीज जायला लागली आणि तो अर्धाच भरून यायला लागला. जाताना आमच्या दारावरून पाणी हिंदकळवत जायचा, येताना रिकामा खडखडत यायचा. भाऊ मोटारसायकलला कॅन बांधून कुणाच्या तरी बोअरवरून पाणी आणायचा. त्यात माणसांचं भागायचं, म्हशीचं नाही, आणि म्हैस नुकतीच व्यालेली. दूध तुटलं. भावजय माझ्याशी थेट बोलत नसे. ती म्हशीशी बोलायची, मला ऐकू जाईल अशा बेतानं. "वरड बाई, वरड! आपल्यात लई मोठं साहेब हायत, त्यास्नी ऐकू येतंय का बघ."

शेवटी भाऊ जेवताना म्हणाला, "दादा, एक दिस फकस्त उलटं करा. आधी वेस, मग माळ."

मी म्हणालो, एक दिवस उलटं केलं की नियम गेला. उद्या प्रत्येकाचीच म्हैस व्यालेली निघंल. माझं काही चुकत नव्हतं. भावानं हातातला घास ताटात ठेवला. मग "कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ" म्हणाला, ताट उचललं आणि गोठ्यात जाऊन जेवला.

इथं फोन ठेवायची सोय नव्हती. मला फार लागलं. त्या घरातून उठायची वेळ आली तर मला दुसरं घर नव्हतं, आणि ते त्यालाही माहीत होतं. पहिल्यांदाच वाटलं, नियम गेला खड्ड्यात, भाऊ राहू दे. सरपंचबाईंना तसं सांगायला निघालोसुद्धा. पायात चप्पल घातली, पुन्हा काढली.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊ न सांगताच कुठं तरी गेला. दहाच्या सुमाराला वेशीत गलका झाला. जाऊन बघतो तर लोकांनी रस्त्यात बैलगाडी आडवी लावलेली. टँकर इथंच रिकामा करायचा, असं ठरवूनच आले होते. "साहेब, तुमी मधी पडू नगासा," एकानं मला हात जोडून बजावलं. तेवढ्यात टँकर आला. ड्रायव्हरच्या शेजारी माझा भाऊ बसलेला, मांडीवर काठी आडवी.

लोकांना हुरूप आला. "बघा, साहेबांचा सख्खा भाऊ आपल्याकडून हाय! उतर गड्या, लाव पाईप!"

तो उतरला नाही. "गाडी सारा," म्हणाला.

"आरं, तुझ्याच दारात पानी न्हाय की!"

"म्हणून तर बसलोय हितं," भाऊ ओरडला. "माझी म्हस तहानलेली ठिवून निघालंय हे पानी. वस्तीवर पोचायच्या आधी कुनी त्याला हात लावला, तर ती बिचारी कशापायी तहानलेली ऱ्हायली? सारा गाडी!"

 मग दोघांनी जू धरून बैलगाडी बाजूला ओढली. मी तिथंच उभा होतो. भावानं माझ्याकडं न बघताच दार ढकललं.

"बघत काय ऱ्हायलाव? चढा वर."

वस्ती येईपर्यंत तो माझ्याशी एक शब्द बोलला नाही. पण मी चढताना तो ड्रायव्हरकडं सरकला होता आणि खिडकीकडची जागा त्यानं मला दिली होती.