निम्मी पुस्तकं बाहेर

आमच्या फरीदाबादच्या मराठी मंडळात उत्तरा काणेगावकरला कोणी हौसेने बोलावत नाही. बोलावलं की ती वजनं विचारते. गणपतीला स्टेज घालायचं ठरलं की हिचा पहिला प्रश्न, "वर किती माणसं उभी राहणार?" उत्साही मंडळींचा फुगा तिथेच फुटतो. ती कराडला इंजिनिअरिंग शिकली, सरकारी नोकरीपायी इकडे आली आणि पंचवीसेक वर्षं एका कचेरीत बसून बीमवर ओझं ठेवलं तर तो किती वाकेल, हे काढते आहे. "मोडेल का, हे सगळेच विचारतात," ती म्हणते. "वाकेल किती, हे विचारायला किरकिरं माणूस लागतं."

गेल्या वर्षी मात्र या किरकिऱ्या बाईवाचून आमचं अडलं. मंडळाचं वाचनालय भाड्याच्या खोलीत होतं आणि ती खोली महिनाअखेर सोडायची होती. पुस्तकं एकतर मंडळाच्या हॉलमध्ये पहिल्या मजल्यावर न्यायची, नाहीतर रद्दीवाल्याला द्यायची. अध्यक्ष यशोधनला अंगावर काही यायला नको होतं. उत्तराने लिहून दिलं तरच वर चढवू, असं त्याने जाहीर केलं. वाचनालय सांभाळणारे तात्याराव ऐंशीच्या पुढचे. त्या पुस्तकांपलीकडे त्यांचं इथे कोणी उरलेलं नाही.

"अगं, गणपतीत त्याच हॉलमध्ये सगळे नाचतात यार," यशोधन म्हणाला. "तेव्हा काही झालं का बीमला?"

"माणसं नाचतात आणि घरी जातात," उत्तरा म्हणाली. "पुस्तकं बसून राहतात."

मग तिने आम्हाला काँक्रीटचा स्वभाव समजावला. ओझं ठेवलं की बीम लगेच थोडा वाकतो, ते डोळ्यांना दिसतही नाही. पण तेच ओझं वर्षानुवर्षं हललं नाही, तर तो हळूहळू आणखी वाकत राहतो, पहिल्याच्या दुप्पट-तिप्पट. फरशा उकलतात, भिंतीला तडे जातात. हॉलखालचा बीम लांबलचक, आणि खाली पार्किंग असल्यामुळे मध्ये खांब द्यायची सोय नाही.

"निम्मी पुस्तकं कायम वाचकांकडेच असतात," तात्याराव म्हणाले. "निम्मंच वजन धर."

तिने निम्मं धरलं. बीम नियमात बसला आणि आम्ही सुटकेचा निःश्वास टाकला.

पण स्वतः न पाहिलेल्या वजनावर सही करायची नाही, ही तिची जुनी खोड. शनिवारी घरचा वजनकाटा घेऊन ती खोलीवर निघाली, सोबत मला ओढलं. कपाटं गच्च भरलेली होती. तिने एक पुस्तक ओढलं तर तीन बाहेर आली. प्लास्टिकची कव्हरं एकमेकांना चिकटून बसली होती.

"काका, सगळी इथेच आहेत," ती म्हणाली.

तात्याराव चष्मा पुसत राहिले. "सहा-सात वर्षांत कोणी फिरकलेलं नाही. मी रविवारी उघडून बसतो, इतकंच." मग त्यांनी विचारलं, "उत्तरा, मी असेपर्यंत तर तो बीम वाकणार नाही ना?"

याचं उत्तर तिला माहीत होतं. ते आकड्यांत काढता येतं, याचीच मला भीती वाटली.

"फारसा नाही वाकणार," ती म्हणाली. "पण तुमचं वय धरून मी सही करणार नाही."

मला तिचा राग आला. म्हाताऱ्या माणसाशी इतकं सरळ बोलायचं? एक सही तर हवी होती, तीही आपल्यातलं कोण असेल-नसेल तेव्हा खोटी ठरणारी. असल्या सह्या करतच तर आपण सगळे जगतो.

दुसऱ्या दिवशी बैठकीत उत्तरा उठायच्या आधी तात्याराव उठले.

"निम्मी बाहेर असतात, हे मी खोटं सांगितलं," ते म्हणाले. "मला तुमची लाज वाटत होती."

कोणी कोणाकडे बघेना. मुलांना मराठी आलंच पाहिजे, असं दर कार्यक्रमात बजावणारे आम्ही. माझी लेक कृतिका बोलते छान, पण वाचायला बसली की जोडाक्षरापाशी अडते. आणि मी तरी शेवटचं काय वाचलं होतं, ते मला आठवेना.

"मग निम्मी रद्दीत द्यायची का?" यशोधनने हळूच विचारलं.

"बीमला निम्मी बाहेर हवीत," उत्तरा म्हणाली. "रद्दीत की घरांत, ते तुम्ही ठरवा."

त्या दुपारी पिशव्या भरभरून पुस्तकं घरोघरी गेली. हौसेने गेली असं म्हणवत नाही. उरलेली वर चढली आणि तिने सही केली.

गेल्या महिन्यात मी एक जाडजूड पुस्तक परत करायला गेले. उत्तरा तिथेच होती. आताशा ती दर रविवारी जाते. तात्यारावांनी माझं पुस्तक हातात घेतलंच नाही.

"आधी दुसरं काढ," ते म्हणाले. "बीमवर ओझं वाढतं."

मी हसले. ते हसले नाहीत, उत्तराही हसली नाही. मग मी कपाटासमोर उभी राहिले आणि कित्येक वर्षांनी, आता काय वाचावं, याचा विचार करू लागले.