गिरणेपलीकडची अक्का

मी जळगावात वाढले. बाजार, दवाखाना, स्टेशन, सगळं पायी जाण्याजोगं. लग्नानंतर यांना मास्तरकी मिळाली ती भडगावच्या बाजूला, गिरणेपलीकडच्या एका खेड्यात. नदीवर पूल नव्हता. एरवी बैलगाडी वाळूतून पार व्हायची. पावसाळ्यात नदी भरली की गावाचा बाहेरच्या जगाशी संबंध तुटायचा.

सुरुवातीला मला करमत नसे. बोलायला माणसं होती, पण त्यांची अहिराणी मला अर्धीच कळायची. मात्र भाजी कधी विकत घ्यावी लागली नाही. सकाळी दार उघडावं तर ओट्यावर वांगी नाहीतर मक्याची कणसं असत. कोणी ठेवली, ते शोधून काढावं लागे.

मुलगी चार महिन्यांची असताना, श्रावणात, मला ताप चढला आणि उतरेचना. हे डॉक्टरला आणायला नदीवर गेले आणि भिजलेल्या धोतरानं परत आले. नदी दोन्ही थड्या भरून चालली होती. पट्टीच्या पोहणाऱ्यांनीही नाही म्हटलं होतं. माझं दूध आटलं. मुलगी रडून रडून निळी पडायला लागली.

शेजारची अक्का शेतकऱ्याच्या घरची. तिच्या अंगावर स्वतःचा मुलगा पीत होता. ती आत आली आणि तिनं मुलीला उचलून पदराखाली घेतलं. माझ्या माहेरी आधी जातीचा विचार झाला असता, मग भुकेचा. हे दारातून बाजूला झाले. मी हात जोडायला गेले, तर तिनं ते खाली केले.

"तुनी पोर ती मनीच पोर शे," ती म्हणाली. "तू बरी व्हय."

पाणी ओसरेपर्यंत मुलगी तिच्याकडेच राहिली. गल्लीतल्या बायका आळीपाळीनं माझ्याजवळ बसत, कपाळावर ओल्या घड्या ठेवत, पेज पाजत. अखेर डॉक्टर आले तेव्हा ताप उतरणीला लागला होता. विषमज्वर होता, असं त्यांनी सांगितलं. माझा डावा कान मात्र गेला, तो कायमचा. वेळेवर औषध मिळालं असतं तर तो वाचला असता का, हे मी अनेकदा मनात घोळवलं. मुलगी चांगली बाळसेदार होऊन घरी आली.

पुढे ती शाळेच्या वयाची झाली आणि यांची जळगावला बदली झाली. मला आनंदच झाला, खोटं कशाला सांगू? तिथे मुलींची शाळा होती, डॉक्टर दोन गल्ल्यांवर होता. पण नव्या बिऱ्हाडात मी पुन्हा आजारी पडले तेव्हा डॉक्टर तासाभरात येऊन गेला आणि दिवसभर दुसरं कोणी आलं नाही. शेजारणी वाईट नव्हत्या. त्यांना कळलंच नव्हतं.

मुलीचं लग्न ठरल्यावर अक्काला आणायला मी स्वतः गेले. मांडवात मुलगी आधी तिच्या पाया पडली, मग माझ्या. अक्का अवघडून गेली. "पहिले मायना पाया पड," असं तिला हळूच सांगत राहिली. मुलगी म्हणाली, "मायनाच पाया पडनू."

मी अक्काला आणखी चार दिवस राहण्याचा आग्रह केला, पण कापूस वेचणीला आला होता. तिसऱ्या दिवशी ती निघाली. मी गाडीत तिच्याबरोबर गिरणेच्या काठापर्यंत गेले आणि ती वाळू ओलांडून पलीकडे पोचेपर्यंत तिथेच थांबले.